मंच मिळाला, खुर्ची राहिली

विदर्भाला अपंग कलावंतांचे कौतुक नवे नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून निघालेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि गावोगाव फिरला. त्यात अंध गायक आहेत, कर्णबधिर नर्तक आहेत, कुष्ठमुक्त आहेत. पुण्यात स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणले. त्याच थोरातांनी 2008 मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधले मराठी पाक्षिक सुरू केले. दरवर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळांतल्या मुलांचे नाच-गाणे होते, पाहुणे गहिवरतात, टाळ्या लांबतात. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात एखाद्या गाजलेल्या नाटकाचा प्रयोग लागला, तर आदल्या दिवशी टाळ्या घेणाऱ्यांपैकी किती जण तिकीट काढून तो पाहू शकतील? कर्णबधिर मुलीला संवाद कळणार नाहीत. अंध गायकाला मंचावर एकदम शांतता का पसरली ते शेजाऱ्याला विचारावे लागेल, आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी वळून बघेल. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला चार जणांनी उचलून पायऱ्या चढवाव्या लागतील. मंचावर आपण या मंडळींना जागा दिली, प्रेक्षागृहात दिली नाही. या दोहोंत प्रेक्षागृहातली जागा अधिक महत्त्वाची आहे आणि ती देणे वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही जमण्यासारखे आहे, असे माझे म्हणणे आहे.

अधिक महत्त्वाची का, तर कलावंत मुळात थोडे असतात. अपंगांतही गळा, लय, अभिनय लाभलेले थोडेच. त्यांना मंच मिळाला याचा आनंद आहेच, पण बाकीच्यांचे काय? ज्याच्या अंगात कसलीही कला नाही, ज्याला फक्त रविवारी दुपारी एक नाटक बघून यायचे आहे, त्याची सोय कोणत्याच दिव्यांग दिनी होत नाही. मंचावरचा अपंग माणूस आपल्याकडून फक्त कौतुक घेतो. प्रेक्षक झालेला अपंग माणूस व्यवस्था मागतो, तिकिटाचे पैसे मोजतो, आणि नाटक आवडले नाही तर मध्यंतरात उठून ‘काही दम नाही’ म्हणत घरी जातो. कंटाळण्याचा हा हक्क साधा वाटतो, पण सार्वजनिक जीवनात बरोबरीने वावरणे म्हणजे जे काही असते त्यातला बराच भाग त्यात येतो.

जगात यासाठी एक रीत रुळू लागली आहे. एखाद्या कलाकेंद्राने ठरावीक दिवसांचा, समजा आठवडाभराचा, महोत्सव भरवायचा आणि त्यातला प्रत्येक प्रयोग सर्वांना घेता येईल असा करायचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2011 मध्ये ‘द लायन किंग’चा एक प्रयोग स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी बदलून सादर झाला. पुढे 2018 मध्ये तिथल्याच लिंकन सेंटरने स्वमग्न मुलांसाठी स्वतंत्र महोत्सव भरवला. लंडनच्या बॅटरसी आर्ट्स सेंटरने 2020 मध्ये त्याच्याही पुढे जाऊन एखाद-दुसरा प्रयोग नव्हे, तर आपली सगळी वास्तू आणि सगळा कारभारच या तत्त्वावर आणला. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथल्या दिव्यांगजन आयुक्तालयाच्या पुढाकाराने पणजीत जानेवारी 2023 मध्ये तीन दिवसांचा ‘पर्पल फेस्ट’ झाला आणि पुढच्या वर्षी 8 ते 13 जानेवारी असा सहा दिवसांचा. अपंग कलावंतांचे कार्यक्रम तिथेही होतेच, पण आलेल्या पाहुण्याला तिथवर पोचता यावे, वावरता यावे, कळावे याचा विचार महोत्सवाच्या आखणीत होता. कोकणी-मराठी मुलखात हे घडू शकते एवढे त्यातून सिद्ध झाले. गोव्याकडे पर्यटनाचा पैसा आणि तयार व्यवस्था आहे हे खरे. वर्ध्याकडे काय आहे ते पुढे पाहू.

आधी या सोयी प्रत्यक्ष चालतात कशा ते समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक संयोजकांच्या मनात ‘रॅम्प बांधला की झाले’ असे चित्र असते. रॅम्प हवाच, आणि तोही नीट हवा. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्याचा उतार एकास बारा असावा लागतो; म्हणजे मंच तीन फूट उंच असेल तर 36 फूट लांबीची उतरण लागते. विंगेच्या कोपऱ्यात टेकवलेली सहा फुटांची फळी फोटोपुरती असते. पण पायऱ्यांचा प्रश्न सुटला तरी अंध प्रेक्षकाचा सुटत नाही. त्याच्यासाठी ध्वनिवर्णन लागते. सभागृहाच्या मागच्या खोलीत बसलेला वर्णनकार संवादांमधल्या फटींत हलक्या आवाजात सांगत जातो: तिने पत्र फाडले, तो दाराकडे वळला. हे ज्याला हवे त्यालाच कानातल्या यंत्रातून ऐकू येते. मराठी नाटकात ही गोष्ट अवघड आहे, कारण आपली नाटके बोलकी. संवादांत फटी कमी. म्हणून प्रयोगाआधी अर्धा तास नेपथ्य, पात्रे आणि त्यांचे पोशाख समजावून सांगायचे, शक्य तर मंचावर नेऊन सोफा कुठे आहे, जिना कुठे आहे ते हाताने चाचपू द्यायचे, ही जोड द्यावी लागते. आवाज ओळखीचे झाले आणि घराची रचना मनात बसली की अर्धे नाटक कानांनी दिसू लागते.

कर्णबधिरांची गोष्ट वेगळी, आणि इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. मंचाच्या वर किंवा बाजूला अक्षरपट्टीवर संवाद उमटवले की काम भागले असे वाटते. उतारवयात कान गेलेल्या वाचत्या माणसाचे त्यावर छान भागते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांचे भागत नाही, कारण त्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचे व्याकरण मराठीचे नाही, आणि ओठ वाचून बोलायला लावण्यावर भर देणाऱ्या शिक्षणामुळे अनेकांची लेखी मराठी कच्ची राहिलेली असते. त्यांना दुभाषी लागतो. तो मंचाच्या कडेला उजेडात उभा राहिला पाहिजे, ब्लॅकआउटमध्येही त्याच्यापुरता दिवा राहिला पाहिजे, त्याला संहिता आधी मिळाली पाहिजे आणि त्याने दोन-तीन तालमी पाहिल्या पाहिजेत. ऐनवेळी बोलावलेला दुभाषी विनोदी नाटकात हमखास उघडा पडतो. अक्षरपट्टीचेही तसेच. ती चालवणारा माणूस म्हणजे विंगेत बसणाऱ्या प्रॉम्प्टरचा धाकटा भाऊ. नटाने उत्साहात एखादी ‘ॲडिशन’ घेतली की याची पंचाईत होते. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, त्याच्या शब्दकोशात आज 10 हजारांवर संकल्पना आहेत, पण प्रशिक्षित दुभाषी देशात मोजकेच, आणि नाटकाची सवय असलेले त्याहून कमी.

राहिली स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेली किंवा एका जागी बसू न शकणारी माणसे. त्यांच्यासाठीच्या प्रयोगात सभागृह पूर्ण काळोखे करत नाहीत, दचकवणारे आवाज आणि लखलखाट कमी करतात, मधेच उठायला, बाहेर जायला, तोंडाने आवाज काढायला मुभा असते आणि बाजूला एक शांत खोली ठेवतात. यावर मराठी रसिकाची पहिली प्रतिक्रिया अशी येते की मग नाट्यगृहाची शिस्त ती काय राहिली! ही शिस्त आपण समजतो तितकी जुनी नाही. प्रेक्षागृहात अंधार करून लोकांना मंचाकडेच पाहायला लावण्याची प्रथा युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. जर्मन संगीतकार वाग्नरने 1876 मध्ये बायरॉइटला ते केले ते नवलाचे ठरले होते. आपल्याकडे विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा सूत्रधार कथा गाऊन सांगत होता आणि पात्रे ती वठवत होती. पाहणाऱ्याला जे दिसे ते ऐकणाऱ्याला कानांवर पडत असे. कीर्तनात तर सगळा प्रसंग शब्दांनीच उभा राहतो. वऱ्हाडातले संत गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. ऐकून ऐकून एवढे विद्वान झाले की शंभरावर ग्रंथांचे कर्ते ठरले. श्रवणाची परंपरा जिवंत होती म्हणून ते घडू शकले. आणि रात्रभर चालणाऱ्या दंडारीत, तमाशात पोरे झोपत, म्हातारे उठून जात, कोणी मधेच दाद देई, कोणी भांडे. त्याने खेळ थांबत नसे.

अर्थात जुन्याचे गोडवे गायचे कारण नाही. कीर्तनाच्या मांडवात कर्णबधिर माणूस तेव्हाही बाहेरच होता, आणि देवळातल्या मांडवात तर जातीमुळे कितीतरी माणसे उंबऱ्याबाहेर होती. सांगायचे ते एवढेच की शांत, काळोखे, खुर्च्यांच्या रांगांचे नाट्यगृह हा रंगभूमीचा एक प्रकार आहे, तिचा स्वभाव नाही. कोणासाठी काय बदलायचे हे प्रत्येक पिढीने ठरवलेले असते.

वर्ध्याला हे वेगळे सांगायला नको. जमनालाल बजाज यांनी 1928 मध्ये इथले लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले, तेव्हा देशभर चर्चा झाली. मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. गांधीजींनी आपल्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत कुष्ठरुग्णांचा विषय घेताना याच कामाचा दाखला दिला. परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग झाला असताना सेवाग्रामच्या आश्रमात ठेवून घेऊन गांधीजींनी त्यांची शुश्रूषा केली, ती कुटी आजही दाखवतात. ही पुण्याई मोठी आहे, तरी तिच्याकडे पाहताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. मंदिराचे दार निर्णयाने उघडले. इमारतीत काही बदलावे लागले नाही, बदलायची होती ती माणसांची मने. अपंगांच्या बाबतीत मने बरीचशी अनुकूल आहेत, ‘या, बसा’ म्हणायला कोणी नाही म्हणत नाही. अडते ते वेळापत्रकात, बांधकामात, भाषेत. सद्‌भावनेने इथे दार उघडत नाही. आश्रमाच्याच इतिहासातला एक साधा तपशील या दृष्टीने बोलका आहे. सोमवारी गांधीजींचे मौन असे. त्या दिवशी ते चिठ्ठ्यांवर लिहून बोलत, आणि समोर कितीही मोठा माणूस असो, चिठ्ठी लिहून होईपर्यंत थांबे. तिथे अक्षरांनी बोलणे कोणाला गैरसोयीचे वाटले नाही. म्हणजे सोय करणे हा यंत्राचा प्रश्न पुष्कळ नंतरचा. कोणासाठी थांबायची आपली तयारी आहे, हा आधीचा.

वर्ध्याची सोय ही लंडनच्या सोयीची नक्कलही असू शकत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 1995 च्या कायद्यातले सात प्रकार वाढवून 21 केले. त्यांत कुष्ठमुक्त व्यक्ती आहेत आणि सिकलसेलचे रुग्णही आहेत. हा आजार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. हे अपंगत्व बाहेरून दिसत नाही. पण थंडी आणि पाण्याची कमतरता यांनी या रुग्णांना वेदनांचा झटका येऊ शकतो. तेव्हा गारठवणारे वातानुकूलन आणि ‘आत पाण्याची बाटली आणू नये’ ही पाटी त्यांच्या दृष्टीने पायऱ्यांइतकीच मोठी अडचण आहे. कुष्ठरोगाने ज्यांच्या तळपायांची संवेदना गेली आहे ते मऊ रबराची एमसीआर चप्पल घालतात, कारण खडा रुतला तरी त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांना भजनाच्या किंवा प्रार्थनेच्या जागी ‘चपला बाहेर काढा’ म्हणणे धोक्याचे आहे. हे बदल फुकटात होतात. ते कोणत्याही परदेशी पुस्तिकेत ठळक अक्षरांत सापडणार नाहीत, दत्तपूरला आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात विचारले तर सापडतील.

आता आक्षेप. पहिला असा की एवढे करून येणार किती? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. राज्याचे हे प्रमाण वर्धा जिल्ह्याच्या तेव्हाच्या 13 लाख लोकसंख्येला लावले तर आकडा 34 हजारांच्या आसपास जातो. ही मोजणी सात-आठ प्रकारांपुरती होती आणि ती कमीच असणार. जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येत 16 टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व असल्याचे सांगते. यांतले बहुतेक आज नाटकाला येत नाहीत हे खरे, पण जिथे जाऊन काही कळत नाही तिथे माणूस का जाईल? न येण्याचा पुरावा देऊन सोय नाकारणे म्हणजे पूल नसलेल्या नदीवर रहदारी मोजण्यासारखे आहे. शिवाय मराठी नाटकाचा आजचा प्रेक्षक वयाने कोणता, हे कोणत्याही प्रयोगाला रांगांवर नजर टाकली तरी दिसते. गुडघे दुखणारे, कमी ऐकू येणारे, मोतीबिंदू झालेले हेच तर तिकीट काढणारे लोक आहेत. ठळक अक्षरपट्टीने त्यांच्यातल्या कितीतरी जणांना त्यांचे नाटक परत मिळेल, आणि त्यांनी कोणतेही प्रमाणपत्र काढलेले नसेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असा राज्याचा नियम आहे, आणि हा निधी पडून राहिल्याच्या बातम्याही नेमाने येतात. 3 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. यंत्रसामग्री म्हणाल तर प्रोजेक्टर, लॅपटॉप, एक लहान एफएम प्रक्षेपक आणि कानातली यंत्रे. खरा खर्च माणसांच्या तयारीचा. तिथे वर्ध्याची जमेची बाजू आहे. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात प्रदर्शनकारी कलांचा विभाग आहे. ध्वनिवर्णन लिहिणे हा नाट्यलेखनाचा कठीण आणि उत्तम व्यायाम आहे. मराठी जाणणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांना तो अभ्यासक्रमातच देता येईल. 2016 च्या कायद्याच्या कलम 29 मध्ये कला अपंगांना सुलभ करणे आणि कलाविषयक अभ्यासक्रमांची त्या दृष्टीने फेररचना करणे, अशी दोन्ही कामे सरकारांवर सोपवलेली आहेत. ती उपकाराची बाब राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीचे नियम करायला सांगितले. सिनेमागृहांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे मार्च 2024 मध्ये आली. ती सिनेमापुरती आहेत. नाटकवाल्यांनी आपल्यावर नियम येऊन आदळण्याची वाट पाहू नये हे बरे.

तिसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कडेला हातवारे करणारा दुभाषी, वर सरकणारी अक्षरे, अर्धवट उजेड. यात दिग्दर्शकाने जमवलेला परिणाम विस्कटतो. वरवर चिकटवलेली सोय परिणाम विस्कटते हे मान्यच करायला हवे. त्यावर इंग्लंडच्या ग्राये या 1980 मध्ये स्थापन झालेल्या नाट्यसंस्थेने काढलेला मार्ग विचार करण्यासारखा आहे. ती सांकेतिक भाषा, अक्षरे, वर्णन हे सगळे तालमीच्या पहिल्या दिवसापासून प्रयोगाच्या रचनेतच विणते. दुभाषी कडेला उभा न राहता पात्रांमध्ये वावरतो. मराठी दिग्दर्शकाला हे परके वाटू नये. ज्या रंगभूमीने सूत्रधार, कोरस, कथेकरी पुन्हा पुन्हा वापरले, तिला सांगणारा आणि दाखवणारा एकाच वेळी मंचावर ठेवणे चांगले जमते. प्रत्येक नाटकाला हे मानवेल असे नाही. बंद दिवाणखान्यातल्या कुजबुजत्या वास्तववादी नाटकाला कानातले वर्णन आणि अक्षरपट्टी एवढेच पेलेल, आणि काही प्रयोग तसेच राहू द्यावे लागतील. म्हणून तर एका प्रयोगाऐवजी आठवडाभराचा महोत्सव हवा: सगळ्यांसाठी सगळे, असा हट्ट न धरता वेगवेगळ्या प्रयोगांत वेगवेगळी सोय देता येते.

‘पेन्शन वेळेवर मिळत नाही, नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही नाटकाचे काय घेऊन बसलात’ असेही कोणी म्हणेल. अपंगांच्या पोटापाण्याचे प्रश्न सुटेपर्यंत त्यांनी करमणूक मागू नये, ही अट आपण इतर कोणत्याच गरिबाला घालत नाही. वर्ध्यात 1969 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2023 मध्ये स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हाही कापसाच्या भावाचा प्रश्न सुटलेला नव्हता.

असा आठवडा वर्ध्यात करायचा झाला तर पहिला निर्णय वेळेचा. रात्री साडेआठचा प्रयोग आष्टी, कारंजा, समुद्रपूरच्या माणसाला परतीची गाडी ठेवत नाही. एसटीत अपंगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण सवलत गाडी सुटल्यावर कामाची नसते. दुपारी बारा किंवा तीनचे प्रयोग ठेवावे लागतील. अंध आणि कर्णबधिर सल्लागार तालमींना बोलवावे लागतील, आणि त्यांना मानधन द्यावे लागेल. अनुभव फुकट मागण्याची खोड या क्षेत्राला फार आहे. तिकीट सर्वांना सारखे असावे, सोबत्याला मात्र लागू नये. खास प्रेक्षकांसाठी वेगळा प्रयोग असे न करता नेहमीच्या प्रेक्षकांनाही त्याच प्रयोगाला बसवावे. आणि पहिल्या वर्षी एकच नाटक जमणार असेल तर ते विनोदी निवडावे. वर्णन किंवा अक्षरपट्टी क्षणभर मागे पडली की तिथे लपवता येत नाही: सभागृहातला एक कोपरा उशिरा हसतो.